ट्रफलबद्दल सगळे विचारतात ते प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरं

ट्रफल म्हणजे नक्की काय? मश्रूमच का?

बुरशीच आहे, मश्रूमच्या नात्यातली, पण जरा लांबच्या. नेहमीचं मश्रूम जमिनीवर येऊन छत्री उघडतं, ट्रफल मात्र जमिनीखालीच तयार होतं, तिथेच पिकतं आणि कोणी उकरून काढलं नाही तर तिथेच सडतं. आपण खातो तो गोळा म्हणजे त्या बुरशीचं फळ, आत बीजाणू भरलेले. बाकीची बुरशी म्हणजे नुसते बारीक तंतू, ते ओक, हेझलनट, पॉपलर, बीच असल्या झाडांच्या मुळांना बिलगून राहतात, झाडाकडून साखर घेतात आणि बदल्यात मातीतलं पाणी आणि खनिजं झाडाला पोचवतात. त्यामुळे झाड नाही तर ट्रफल नाही, बटन मश्रूमसारखं ट्रेमध्ये भुसा भरून ते उगवता येत नाही, आणि किमतीचं अर्धं कोडं इथेच सुटतं. महागडी ट्रफल जवळपास सगळी ट्यूबर या प्रजातीतली, तिच्यात बऱ्याच जाती आहेत पण स्वयंपाकात मान असलेल्या मोजक्याच.

चॉकलेट ट्रफलमध्ये हे असतं का?

नाही. दिसायला तसाच ओबडधोबड गोळा म्हणून ते नाव, बाकी काही संबंध नाही.

मग चव कशी असते?

खरं सांगायचं तर चवीपेक्षा वासच सगळं आहे. ट्रफलचा तुकडा नाक दाबून चावलात तर थोडासा कुरकुरीत, थोडा बदामासारखा काहीतरी लागेल आणि एवढा खर्च कशासाठी केला असं वाटेल. वास मात्र खोली भरून टाकतो. काळ्या ट्रफलचा वास ओल्या जंगलातल्या मातीकडे, कोकोकडे, सुक्या मेव्याकडे झुकणारा, आणि पांढऱ्याचा लसूण, मुरलेलं चीज, थोडा मध आणि त्यात गॅस लीक झाल्यासारखा एक धारदार झटका. पहिल्यांदा वास घेतल्यावर नाक मुरडणारे लोक भरपूर असतात, त्यात काही चूक नाही, हा वास सगळ्यांना आवडतोच असं नाही.

आणि ट्रफलचं पुढचं सगळं, म्हणजे भाव, साठवण, शिजवायचं की नाही, भेसळ, हे सगळं एकाच गोष्टीवरून समजून घ्या: हा वास उडून जाणारा आहे. जमिनीतून काढल्यापासून तो कमी व्हायला लागतो.

एवढा उग्र वास येतो कशामुळे?

जमिनीखाली असल्याने वाऱ्यावर बीजाणू उडवायची सोय नाही. म्हणून प्राण्यांना बोलवायचं, रानडुक्कर, खार, उंदीर जो येईल तो उकरून खाईल आणि विष्ठेतून बीजाणू लांब कुठेतरी टाकेल. वास म्हणजे त्याची जाहिरात. कच्चं ट्रफल वास मारत नाही, कारण बीजाणू तयार नसताना खाल्लं जाणं त्याच्या फायद्याचं नाही.

केमिस्ट्रीच्या भाषेत बघितलं तर यात गंधकाच्या संयुगांचा मोठा हात. काळ्यात डायमिथाइल सल्फाइड महत्त्वाचं, पांढऱ्यात २,४-डायथायापेंटेन, हे दुसरं नाव लक्षात ठेवा, खाली ट्रफल ऑइलच्या प्रश्नात परत लागणार आहे. शिवाय ट्रफलच्या आत राहणाऱ्या बॅक्टेरियांचाही या वासात वाटा असतो.

काळं ट्रफल आणि पांढरं ट्रफल, फरक फक्त रंगाचा का?

अजिबात नाही, दोन वेगळ्या जाती आहेत आणि स्वयंपाकघरात वागवायची पद्धतही वेगळी.

पांढरं म्हणजे ट्यूबर मॅग्नाटम. इटलीच्या पिएमोंते भागातल्या आल्बा गावाच्या नावाने जगभर ओळखलं जातं, पण तोस्कानातल्या सान मिनियातोला, मार्केमधल्या आक्वालान्याला आणि क्रोएशियाच्या इस्त्रियातही चांगलं मिळतं. वरून गुळगुळीत, फिकट पिवळट, बटाट्यासारखं वेडंवाकडं, कापल्यावर आत फिकट तपकिरी आणि त्यात पांढऱ्या शिरांची जाळी. मुख्य सीझन ऑक्टोबर ते डिसेंबर. हे शिजवायचं नाही, गरम पदार्थावर कच्चं किसायचं, बस.

काळं म्हणजे ट्यूबर मेलानोस्पोरम, फ्रान्समधल्या पेरिगॉर भागाच्या नावाने प्रसिद्ध. वरून काळं आणि छोट्या छोट्या टोकदार उंचवट्यांनी भरलेलं, आत पिकल्यावर जांभळट काळं आणि त्यावर बारीक पांढऱ्या शिरा. सीझन साधारण डिसेंबर ते मार्चची सुरुवात, आणि जाणकार जानेवारी-फेब्रुवारीतलं जास्त पसंत करतात कारण तोवर ते नीट पिकलेलं असतं, नोव्हेंबरच्या शेवटी घाईघाईने बाजारात येणारं बरंचसं अर्धकच्चं असतं. हलकी उष्णता याला चालते, उलट थोडी ऊब मिळाली की वास खुलतो. पेरिगॉरचं नाव असलं तरी फ्रान्समधला मोठा भाग आग्नेयेकडून येतो, वोक्लुझ जिल्ह्यातल्या रिशरांशचा शनिवारचा बाजार त्यासाठीच ओळखला जातो, आणि आजकाल स्पेनमधल्या तेरुएल प्रांतात, सारियोन गावाच्या आसपास, मैलोन् मैल ट्रफलच्या बागा आहेत. ऑस्ट्रेलियातही पिकतं, १९९९ मध्ये टास्मानियात पहिलं निघालं आणि आता पश्चिमेकडचं मॅनजिमप हे मोठं केंद्र आहे. तिकडे थंडी जून ते ऑगस्टमध्ये असल्याने उत्तर गोलार्धातल्या शेफ लोकांना भर उन्हाळ्यातही ताजं हिवाळी ट्रफल मिळतं.

समर ट्रफल आणि बर्गंडी ट्रफल हे काय असतं?

एकच जात, ट्यूबर एस्टिव्हम. पूर्वी दोन वेगळ्या समजायचे, डीएनए तपासल्यावर कळलं की एकच आहे, फक्त केव्हा काढलं त्यावर फरक. मे ते ऑगस्टमध्ये काढलेलं समर, आत फिकट बदामी आणि वास अगदी सौम्य, सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंतचं बर्गंडी, आतून गडद आणि वास बऱ्यापैकी. वरून दोन्ही काळी, आणि साल जाड, पिरॅमिडसारख्या मोठ्या टोकांची. भावाने बरीच स्वस्त. पहिल्यांदा ट्रफल घेणाऱ्याने बर्गंडी घ्यावं असं माझं मत, कारण थोडं चुकलं तरी जीव जळत नाही, पण समर ट्रफल घेऊन मग ट्रफलमध्ये काही दम नाही असं ठरवू नका प्लीज, उन्हाळी माल मुळात सौम्यच असतो.

बाकीच्या जाती?

बियांकेत्तो, म्हणजे ट्यूबर बॉर्कीआय, पांढऱ्याचा धाकटा भाऊ, जानेवारी ते एप्रिलच्या आसपास मिळतं, आकार छोटा आणि लसणाचा वास जास्त. दिसायला पांढऱ्यासारखं, भाव मात्र कितीतरी कमी, त्यामुळे आल्बाच्या नावाखाली खपवण्याचा मोह होतो. ट्यूबर ब्रुमाले हिवाळ्यातच आणि बऱ्याचदा मेलानोस्पोरमच्याच बागेत उगवतं, बागवाल्यांची डोकेदुखी, वास कस्तुरीसारखा जड. ट्यूबर मेसेंटेरिकमला डांबर किंवा हॉस्पिटलच्या फिनाइलसारखा वास येतो, दक्षिण इटलीतल्या बान्योलीकडे त्याचे चाहते आहेत, मी त्यात नाही.

अमेरिकेत ओरेगॉनच्या डग्लस फरच्या जंगलात तिथली स्वतःची पांढरी आणि काळी ट्रफल मिळतात, काळ्यात तर अननसासारखा फळांचा वास येतो. उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेत वाळवंटी ट्रफल असतात, तेर्फेझिया आणि तिर्मानिया या प्रजातींची. वास मंद, पण तिकडे ती खरोखर भाजीसारखी शिजवून पोटभर खातात. किलोवर खायचं ट्रफल हवं असेल तर तेच.

चायनीज ट्रफल म्हणजे नकली का?

नकली नाही, वेगळी जात आहे, ट्यूबर इंडिकम, चीनच्या युनान आणि सिचुआन भागात मिळते. दिसायला पेरिगॉरच्या काळ्याचं जुळं भावंड, पण वास फारच कमी आणि चावायला रबरासारखं. पुष्कळदा कच्चंच जमीन खणून, पिकायची वाट न बघता काढतात, त्यामुळे जेवढा वास आला असता तोही येत नाही. इंडिकम म्हणून विकलं तर काहीच तक्रार नाही, प्रॉब्लेम तेव्हा होतो जेव्हा चार खऱ्या काळ्या ट्रफलमध्ये ही मिसळतात, शेजारी ठेवल्यावर तीही थोडा वास पकडतात आणि मग नुसत्या नजरेने ओळखणं अवघड होतं. पक्की खात्री मायक्रोस्कोपखाली बीजाणू बघून किंवा डीएनए टेस्टनेच होते.

एवढं महाग का पण? शेती करता येत नाही का?

काळ्याची करता येते, आणि खूप आधीपासून. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण फ्रान्समध्ये जोसेफ तालों नावाच्या शेतकऱ्याने ट्रफल देणाऱ्या ओकखालची फळं वेचून लावली आणि काही वर्षांनी त्या नव्या झाडांखालीही ट्रफल निघाली. मग १८४७ मध्ये कार्पान्त्राचे ऑगस्त रूसो यांनी मोठ्या प्रमाणावर ओक लावले आणि १८५५ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात आपली ट्रफल मांडली. पुढे फायलॉक्सेरा किडीने द्राक्षबागा साफ झाल्या तेव्हा त्या मोकळ्या जमिनीवर लोकांनी ओकच लावले आणि फ्रान्सचं उत्पादन प्रचंड वाढलं. नंतर दोन महायुद्धं, गावं ओस पडली, जाणकार माणसं गेली, बागा दाट जंगल झाल्या आणि उत्पादन कोसळलं ते आजतागायत त्या पातळीला आलेलं नाही.

आता नर्सरीत रोपांच्या मुळांवर बुरशी चढवूनच विकतात. पण चुनखडीची अल्कधर्मी जमीन लागते, पाणी वेळेवर लागतं, आणि पहिलं ट्रफल दिसायला पाच ते दहा वर्षं, तेही नक्की नाही. झाडाभोवतीचं गवत जळाल्यासारखं नाहीसं झालं की मालक खूश होतात, बुरशी खाली कामाला लागल्याची ती खूण.

पांढऱ्याचं प्रकरण वेगळं. ते जवळजवळ सगळं जंगलातूनच येतं. फ्रान्सच्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने २०२१ मध्ये जाहीर केलं की लावलेल्या बागेत, त्याच्या मूळ प्रदेशाबाहेर, पांढरं ट्रफल मिळालं, मोठी बातमी होती, पण निघालेली ट्रफल हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यात सीझन छोटा, टिकतं आठवडाभर, आणि मागणी जगभरातून. २००७ मध्ये मकाऊच्या कॅसिनोंचे मालक स्टॅन्ली हो यांनी दीड किलोच्या एका पांढऱ्या ट्रफलसाठी लिलावात ३ लाख ३० हजार डॉलर मोजले होते. अर्थात तो लिलाव, त्यात हौस आणि प्रसिद्धी दोन्ही आली, तो काही बाजारभाव नव्हे.

डुकरं शोधतात ना ट्रफल?

शोधायची. आता बहुतेक सगळीकडे कुत्रे. डुकरीण शोधण्यात पटाईत, पण सापडल्यावर ती स्वतःच खाऊन टाकते आणि दीडशे किलोच्या जनावराच्या तोंडातून ट्रफल काढून घेणं म्हणजे बोटांवर पाणी सोडणं, शिवाय ती जमीन उकरून मुळांजवळच्या तंतूंचं वाटोळं करते. इटलीत तर १९८५ च्या कायद्यानेच ठरवून दिलंय की ट्रेन केलेल्या कुत्र्याच्या मदतीनेच शोधायचं, त्याने खूण केली तेवढ्याच जागी ठराविक छोट्या अवजाराने खणायचं आणि खड्डा परत बुजवायचा, त्यासाठी परीक्षा देऊन लायसन्सही घ्यावं लागतं. कुत्रा कुठल्याही जातीचा चालतो, तरी लागोत्तो रोमान्योलो या कुरळ्या केसांच्या जातीचं यात नाव आहे. इटलीतली ही शोधायची परंपरा २०२१ पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे.

डुकरिणीला नराच्या हॉर्मोनसारखा वास येतो म्हणून ती वेडी होते ही गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते. ट्रफलमध्ये तसं एक संयुग सापडलं हे खरंय, पण नंतरच्या प्रयोगात दिसलं की प्राणी माग काढतात तो मुख्यतः डायमिथाइल सल्फाइडचा. गोष्ट मजेदार आहे म्हणून टिकलीये.

ट्रफल ऑइलमध्ये खरं ट्रफल असतं का?

बहुतेक वेळा नाही. साधं ऑलिव्ह किंवा सनफ्लॉवर तेल, त्यात लॅबमध्ये बनवलेलं २,४-डायथायापेंटेन, तेच वर सांगितलेलं. बाटलीत तळाशी एखादा काळा तुकडा पडलेला दिसतो तो शोभेचा. आता ते संयुग खऱ्या पांढऱ्या ट्रफलमध्येही असतंच, म्हणून विषारी वगैरे काही नाही, पण खऱ्या वासात डझनभर गोष्टी मिसळलेल्या असतात आणि इथे त्यातली एकच, तीही जोरात ओरडणारी, ऑर्केस्ट्रातून सगळ्यांना घरी पाठवून फक्त तुतारीवाल्याला ठेवल्यासारखं. याचा एक वाईट परिणाम असा की ज्यांनी फक्त ऑइलवाले फ्राइज खाल्लेत त्यांना खरं ट्रफल फिकं वाटतं आणि ते रेस्टॉरंटवर चिडतात.

ट्रफल सॉल्ट, मेयो, चिप्स, सॉस, सगळ्यांना हाच नियम. लेबलवर जातीचं पूर्ण शास्त्रीय नाव आणि टक्केवारी आहे का बघा, आणि पुढे आरोमा किंवा फ्लेवरिंग असं लिहिलंय का तेही बघा. बहुतेक सॉसमध्ये थोडंसं समर ट्रफल, बरंचसं साधं मश्रूम आणि वरून आरोमा असतो. आवडत असेल तर खुशाल खा, फक्त काय खातोय ते माहीत असू द्या.

घरी ताजं ट्रफल तेलात बुडवून ठेवलं तर?

नका करू. मातीतून आलेली वस्तू, आंबटपणा नाही, तेलात हवा नाही, बोटुलिझम म्हणजे जीवघेणी अन्नविषबाधा, तिच्या जंतूंना अगदी हवं तसं वातावरण. लसूण तेलात ठेवण्याचा जो धोका तोच इथे. आणि वासही काही दिवसांत जातो. बटर करा, त्याबद्दल खाली आहे.

विकत घेताना काय बघायचं?

नाकाने घ्या. वास आला नाही तर ते कितीही सुंदर दिसो, ठेवून द्या. अमोनियासारखा वास आला तर उतरलेलं आहे. हातात घट्ट लागलं पाहिजे, दाबल्यावर मऊ किंवा स्पंजसारखं नको, वजनाला जड हवं कारण पाणी उडून गेलं की हलकं होतं. माती फार थापलेली असेल तर मातीचे पैसे देताय आणि कधीकधी त्या मातीने किडीची भोकंही बुजवलेली असतात. विक्रेते साल जरासं खरवडून आतला रंग दाखवतात, काळं ट्रफल आतून पांढरं किंवा करडं निघालं तर ते कच्चं. आकारात अडकू नका, मोठं ट्रफल म्हणजे जास्त वास असं काही नसतं, अख्खं गोल ट्रफल फक्त टेबलावर मिरवायला लागतं, घरी तुकडे चालतात आणि स्वस्त पडतात. ऑनलाइन मागवत असाल तर जमिनीतून कधी काढलं ते विचारा आणि ज्या दिवशी खायचंय त्याच्या आदल्या दिवशी पोचेल असं बघा.

फ्रिजमध्ये किती दिवस टिकतं? तांदळात ठेवतात ना?

पांढरं पाच ते सात दिवस, काळं साधारण दहा दिवस, पण रोज काहीतरी कमीच होत असतं. किचन पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, पेपर रोज बदलायचा कारण ओल धरली की बुरशीवर बुरशी येते. तांदळात ठेवू नका, तांदूळ ट्रफलचं पाणी ओढून घेतो आणि ट्रफल सुकतं. त्यापेक्षा बरणीत कवचासकट अंडी ठेवा, कवचाला बारीक छिद्रं असतात, एकदोन दिवसांत वास आत पोचतो आणि ट्रफलला हातही न लावता ट्रफलचं ऑम्लेट होतं. उघडं बटर किंवा मऊ चीज शेजारी ठेवलं तरी तेच. धुवायचं फक्त वापरायच्या आधी, मऊ ब्रशने आणि जेमतेम पाण्याने, लगेच कोरडं करायचं.

काळं ट्रफल फ्रीझ करता येतं, नंतर मऊ पडतं म्हणून न वितळवता गोठलेलंच किसायचं. पांढरं फ्रीझ करणं म्हणजे पैसे फ्रीझ करणं.

माणशी किती लागतं आणि कशावर घालायचं?

पाच ते दहा ग्रॅम, आणि त्यापेक्षा कमी घालून चार जेवणांत पुरवण्यापेक्षा एकाच जेवणात मनसोक्त घाला असं मी म्हणेन. खूप पातळ कापायचं, ट्रफल स्लायसर नसेल तर मँडोलिन म्हणजे काप करायची सपाट पात्याची फळी, तेही नसेल तर बारीक किसणी.

ट्रफलचा वास फॅटमध्ये विरघळतो आणि उष्णतेने वर येतो, म्हणून बटर, क्रीम, चीज, अंड्याचा बलक आणि बाकी पदार्थ अगदी साधा. पिएमोंतेमध्ये ताजारिन नावाचा बारीक अंड्याचा पास्ता बटरमध्ये घोळवून त्यावर पांढरं किसतात, नाहीतर फक्त तळलेल्या अंड्यावर. रिसोटो, मॅश केलेला बटाटा, फोंदुता म्हणजे वितळवलेलं फोंतिना चीज, हे सगळं जमतं. काळ्याला थोडं आधी मिसळा, कोमट बटर किंवा क्रीममध्ये किसून अर्धा तास झाकून ठेवा मग सॉस करा, फ्रेंच लोक कोंबडीच्या कातडीखाली काप सरकवून वाफवतात तेही याच हिशोबाने. फ्रेंच शेफ पोल बोक्यूझ यांनी १९७५ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांसाठी केलेलं काळ्या ट्रफलचं सूप प्रसिद्ध आहे, वर पफ पेस्ट्रीचं झाकण, ते फोडलं की सगळा वास एकदम नाकात.

तिखट, आंबट, टोमॅटो, खूप लसूण, कडक मसाले यांच्याबरोबर नको, ट्रफल हरतं. आणि कडकडीत तेलात परतू तर मुळीच नका.

पूर्ण व्हेज आहे का?

ट्रफल स्वतः हो. पण तयार ट्रफल पेस्टमध्ये कधीकधी अँचोव्ही मासा असतो आणि चीजवाल्या प्रॉडक्टमध्ये प्राण्यांचं रेनेट, म्हणजे चीज करताना दूध गोठवायला घालतात ते, असू शकतं, डब्यावरचं वाचून घ्या.

बरणीतलं, डब्यातलं ट्रफल घ्यावं का?

टिकवण्यासाठी ते उच्च तापमानाला शिजवलेलं असतं, म्हणजे वास बराचसा गेलेला. रंग आणि थोडी मातकट चव मिळते. आतलं पाणी फेकू नका, सॉसमध्ये तेच जास्त कामाचं.

जंगलात तसंच काहीतरी सापडलं तर खाऊन बघू का?

नको. स्क्लेरोडर्मा नावाचे विषारी गोळे आतून काळे-जांभळे असतात आणि नवख्याला ट्रफलच वाटतात. काही जीवघेणी अमानिटा मश्रूम सुद्धा लहान असताना जमिनीलगत अंड्यासारखी बंद असतात. जाणकाराने हातात घेऊन ओळखल्याशिवाय तोंडात घालायचं नाही.

साली आणि चुरा उरतो त्याचं काय करायचं?

मऊ झालेल्या बटरमध्ये मीठ घालून कालवायचा, बटर पेपरमध्ये वळकटी करून फ्रीझरमध्ये. काळ्याचा चुरा याला उत्तम, महिनाभर तरी पास्त्यावर, टोस्टवर, बटाट्यावर एकेक चकती टाकत बसा, गॅस बंद केल्यावर टाकायची फक्त.